डावीकडचा गगनबावडा

पप्पा हॉस्पिटलमधून घरी आले त्याच आठवड्यात माझ्या कामाचं पार्सल आलं. खेळणी विकणाऱ्या एका कंपनीसाठी मी घरी बसून इंग्रजीत मजकूर लिहिते. कुठल्या वयाच्या मुलाला काय द्यावं, कुठल्या खेळण्याने काय शिकायला मिळतं, अशा स्वरूपाचा. कंपनी कोल्हापूरची नाही. तिथल्या कुणालाही मी प्रत्यक्ष भेटलेले नाही आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. या वेळी त्यांना त्यांच्या वेबसाइटसाठी जिगसॉ पझलचा इतिहास हवा होता. बघायला म्हणून दोन-तीन डबे पाठवले होते.

त्या दिवसांत इतिहास लिहिण्याइतकं डोकं कुणाचं ठिकाणावर होतं! पप्पांना पॅरालिसिसचा झटका आला होता. डावा हात आणि डावा पाय गेला होता, तो बऱ्यापैकी परत आला. ते चालत होते, बोलत होते, आल्यागेल्याची थट्टा करत होते. भेटायला येणारे म्हणायचे, थोडक्यात निभावलं. आम्हीही तेच म्हणायचो. पण आई आणि मी, दोघीही उभ्याउभ्या झोपू शकू इतक्या दमलो होतो. ज्या थकव्याला कुणी विचारत नाही तसला तो थकवा. पेशंट बरा आहे ना, मग तुम्हाला काय झालं?

पप्पा वडापची जीप चालवायचे, कोल्हापूर ते गगनबावडा, आणि माणसं मिळाली तर पुढे करूळचा घाट उतरून खाली कोकणात. वडापला वेळापत्रक नसतं. माणसं भरली की गाडी सुटते, आणि भरली म्हणजे किती हे ड्रायव्हर ठरवतो. गाडी स्वतःची. मालक तेच, ड्रायव्हर तेच, त्यामुळे झटक्यानंतर त्यांना गाडी चालवू नका म्हणणारा साहेब कुणी नव्हता. डॉक्टर मॅडम होत्या. 'माझ्याशिवाय कुणी सांगितलं तरी स्टिअरिंगला हात लावायचा नाही,' असं त्यांनी निघतानाच बजावलं होतं, आणि पप्पांनी ते मानलं होतं. दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात ते गाडी देईनात. जीप दारात पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. रोज सकाळी ते तिच्याभोवती एक चक्कर मारून यायचे आणि विचारायचे, "मॅडमनी काय सांगितलंय? कवा?"

डॉक्टर मॅडमनी घरी करायच्या व्यायामांत आणखी एक गोष्ट सांगितली होती: चित्रांचे तुकडे जुळवायला द्या. माझ्या पार्सलचा योग असा जुळून आला.

पहिला डबा उघडला. परदेशातलं एखादं गाव. गवताच्या छपराचं घर, पुढे फुलं, बाजूला ओढा आणि त्यावर दगडी पूल. तुकडे मोठे आणि थोडेच होते. पप्पा भिंतीला टेकून बसले, पुढ्यात परात ठेवली, परातीत तुकडे ओतले.

"कुठलं गाव हे?"

"इंग्लंडमधलं असेल."

"एक माणूस न्हाय रस्त्यावर. हितं वडाप टाकलं तर उपाशी मरंल माणूस."

आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. पप्पा तुकडे लावू लागले आणि त्यांचा हात पटापट चालू लागला, तशी मी लॅपटॉप उघडला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "झालं."

मी पाहिलं. पूल झाला होता, ओढा झाला होता, घराची उजवी भिंत आणि अर्धं दार झालं होतं. दाराच्या मधोमध चित्र संपलं होतं. उरलेले तुकडे परातीच्या डाव्या अंगाला तसेच पडले होते.

"पप्पा, अर्धंच झालंय."

"झालं की. काय ऱ्हायलंय?"

मला वाटलं त्यांना कंटाळा आला. त्यांचा स्वभाव तसाच आहे. जे आवडलं नाही ते संपलं असं जाहीर करायचं आणि उठायचं.

त्या रात्री मी इतिहासाचा पहिला भाग वाचला. लंडनमध्ये नकाशे करणारा एक माणूस होता. त्याने एक नकाशा लाकडाच्या पातळ फळीवर चिकटवला आणि बारीक करवतीने देशांच्या सीमांवरून कापला. प्रत्येक देश वेगळा झाला. मुलांनी देश उचलावेत, जागेवर ठेवावेत, भूगोल शिकावा, ही कल्पना. म्हणजे हा खेळ म्हणून जन्मलाच नव्हता. जिगसॉ हे नाव तर फार नंतर आलं, करवतीवरून. ते पहिले तुकडे एकमेकांत अडकायचे नाहीत, नुसते शेजारी ठेवायचे. कुणी शिंकलं की युरोप विस्कटायचा. हे वाक्य मी इंग्रजीत लिहिलं आणि ते मला आवडलं. त्या आठवड्यात मला आवडलेली तेवढीच गोष्ट.

ताटाचं लक्षात आलं ते आईच्या.

आईची ताटाची मांडणी पक्की आहे. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. भाकरी पुढ्यात. हॉटेलात कुणी चटणी उजवीकडे वाढली तरी ती ताट फिरवून घेते. पप्पा घरी आल्यापासून डावीकडचं काही खाईनात. चटणी तशीच, लिंबू तसंच. दह्यातला कांदा त्यांच्या जिवाभावाचा, तोही तसाच. आईने दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी तिचा बांध फुटला.

"चटणीत काय इख घातलंय का मी? जिभंला लावून तरी बघा."

"कसली चटणी? वाढलीस कवा?"

"ही काय समोर!"

पप्पांनी ताटाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. ती थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं. मग त्यांनी भाकरी उजवीकडून मोडत मोडत अर्धी खाल्ली आणि म्हणाले, "भाकरी संपली. वाढ."

अर्धी भाकरी ताटात होती. ती चंद्रकोरीसारखी त्यांच्या पुढ्यात पडली होती आणि ते हात पुढे करून बसले होते. आईने माझ्याकडे पाहिलं. मग आईने वाकून ताटच फिरवलं. डावी बाजू उजवीकडे आली आणि पप्पा म्हणाले, "हां. आता वाढलीस व्हय. लई दिवसांनी चटणी केलीस."

पुढच्या तपासणीला मी डॉक्टर मॅडमना मोबाईलमध्ये टिपून ठेवलेलं वाचून दाखवलं. तोंडाने सांगायला मला जमत नाही, म्हणून मी टिपून ठेवते. त्या म्हणाल्या, डोळे चांगले आहेत, डोळ्यांना दोष नाही. डावीकडचं डोळ्यांना दिसतं, पण मेंदू त्याची दखल घेत नाही. त्यांना तिकडे काही कमी आहे असंही वाटत नाही. आपल्याला पाठीमागचं दिसत नाही याचं आपल्याला कुठे काही वाटतं? तसं. मान वळवायची सवय लावा, डावीकडून बोला, डावीकडे वस्तू ठेवा, म्हणजे ते शोधतील. सुधारेल. किती सुधारेल ते बघू.

"आणि गाडी?" पप्पांनी विचारलं.

"ते त्यावरच आहे ना. गाडीत तुमच्या डावीकडे काय असतं?"

पप्पा लगेच म्हणाले, "पाशिंजर."

मॅडम हसल्या. पण उजवीकडे बसून गाडी चालवणाऱ्या माणसाच्या डावीकडे पाशिंजर असतो, सायकलवाला असतो, कडेने चाललेली शाळेची मुलं असतात, घाट उतरताना कधी डोंगर असतो आणि येताना दरी. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. पप्पांना सर्वांत जास्त.

म्हणून मी जिल्हा केला. परदेशी घरात त्यांचं मन लागत नव्हतं. मी कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा मोठा करून रंगीत छापून आणला, पार्सलच्याच खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवला आणि तालुक्यांच्या सीमांवरून कात्रीने कापला. लंडनच्या त्या नकाशेवाल्याने पहिल्यांदा केलं होतं, अगदी तसंच. तुकडे एकमेकांत अडकत नव्हते. पंख्याच्या वाऱ्याने शिरोळ उडून आईच्या पायाशी गेलं.

पप्पा खूश झाले. "हे कसं कामाचं झालं!" ते म्हणाले. तेव्हा त्यांचे जोडीदारही आलेले होते. त्याच रस्त्यावर दुसरी जीप चालवणारे, मी त्यांना काका म्हणते. काका चहा पीत बघत बसले. पप्पांनी मधोमध करवीर ठेवलं. मग हातकणंगले, शिरोळ, खाली कागल, गडहिंग्लज. चंदगड ठेवताना म्हणाले, "हे एक लांबडं शेपूट. पावसाळ्यात हितनं गाडी काढली की आठ दिस बॉडीला चिखल."

मग ते मागे टेकले. "झाला जिल्हा."

करवीरच्या पश्चिमेला परातीचा पत्रा दिसत होता. शाहूवाडी नाही, राधानगरी नाही. गगनबावडा नाही. ज्या रस्त्यावर त्यांचं सगळं आयुष्य गेलं, तो तुकडा डावीकडे, त्यांच्या गुडघ्याजवळ पडला होता.

काकांना वाटलं ते मुद्दाम करतायत. ते जोरात हसले. "अवो पावणं, गगनबावडा इकून टाकलासा व्हय? मला तरी सांगायचं, मी घेतला असता!"

"कुठं इकतोय. हाय की तितंच."

"कुठं हाय? करवीर संपलं की डायरेक्ट परात लागतीया!"

पप्पाही हसले. मग त्यांनी परातीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्यांचं हसणं थांबलं. तुकडा त्यांना दिसला नव्हता. पण काका खोटं बोलत नाहीत हे कळलं होतं. त्यांनी उजव्या हाताने सगळा जिल्हा गोळा करून परातीत ढकलला.

"पुट्ठ्याचं खेळ लावलंय मला. बालवाडीत घाला आता."

काका चहा अर्धा ठेवून उठले. जाता जाता शेडमधल्या जीपच्या बॉनेटवर त्यांनी थाप मारली, घोड्याला मारतात तशी.

त्यानंतर आई बदलली. माझ्या आईला कुणी आपल्या माणसावर हसलेलं चालत नाही, मग ते प्रेमाने का असेना. पप्पा पझलला बसले की ती शेजारी बसायची, लसूण सोलत, नाहीतर शेंगा फोडत. आणि तुकडे सरकवायची. एक डोळा लसणाकडे ठेवून डाव्या अंगाचा तुकडा हळूच उजवीकडे. कधी परातच थोडी फिरवायची, जणू तिला टोपली ठेवायला जागा हवी आहे. पप्पांना कळायचं नाही. त्यांचा हात जाईल तिथे तुकडा असायचा. जिल्हा पूर्ण होऊ लागला. गगनबावडा जागेवर बसू लागला.

ताटातही तेच. डॉक्टरांनी सांगितलं होतं डावीकडे ठेवा, त्यांना शोधू दे. आईने एक दिवस तसं केलं. पप्पा चटणीशिवाय जेवले, निम्मी भाकरी टाकून उठले, आणि संध्याकाळी त्यांना घेरी आली. दुसऱ्या दिवसापासून आईने ताटाची डावी बाजूच बंद केली. चटणी, कोशिंबीर, भाजी, आमटी, सगळं उजवीकडे दाटीवाटीने. डावा अर्धा भाग कोरा. जन्मभर ज्या मांडणीचा तिला अभिमान, ती तिने एका दिवसात मोडली आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मग गोळ्या उजवीकडे, पाण्याचा तांब्या उजवीकडे, चप्पल उजवीकडे. ती स्वतःही त्यांच्या उजवीकडूनच यायची. घरात फिरायची वाट बदलली.

मीही त्यात होतेच. चहाचा कप मी कुठे ठेवत होते? जिकडून त्यांना दिसेल तिकडे. थकलेल्या माणसाला सोपं जे असतं ते.

पप्पा सुधारले असं सगळे म्हणू लागले. दवाखान्यात तर ते सुधारलेच होते. तिथे ते सावध असायचे. मॅडमनी कागद पुढे केला की मान आधी पार डावीकडे न्यायची, मग सावकाश उजवीकडे, हे त्यांनी पाठ केलं होतं. घाटात वळण घेताना करतात तसं. परीक्षा म्हणून कागदभर छापलेल्या सगळ्या आडव्यातिडव्या रेघा ते बरोबर खोडायचे. घरी, जेवताना, टीव्ही बघताना, कुणी परीक्षा घेत नसताना, डावीकडे पुन्हा काही नसायचं. दाराच्या डाव्या चौकटीला त्यांचा खांदा आपटायचा. "हे दार कुणी हलवलं?" असं ते विनोदाने म्हणायचे, आणि आम्ही हसायचो.

एक दिवस ते जीप धुताना दिसले. मग टायरमध्ये हवा भरून आणली, काकांकडून. बॅटरी उतरली होती, ती चार्ज करून आणली. आई आरतीचं ताट घेऊन गाडीजवळ उभी राहते की काय, असं मला वाटलं, इतका तिचा चेहरा उजळला होता. मी तिला म्हणाले, "आई, तू तुकडे सरकवतेस."

"मग? हात आखडतोय त्यांचा."

"डावा आखडतो. ते उजव्याने लावतात."

"तू तुझं काम कर," ती म्हणाली. "तुला काय कळतंय? गाडीवर बसल्याबिगर ह्यो माणूस जगायचा न्हाय. मी बघितलंय, तू न्हाय बघितलं."

खरं तर मीही पाहिलं होतं. पप्पा दुपारी शेडमध्ये जाऊन बंद जीपमध्ये बसायचे. काचा खाली करून, स्टिअरिंगवर हात न ठेवता. मॅडमना दिलेला शब्द ते असा पाळत होते.

माझं काम मी केलं. इतिहासाचा दुसरा भाग लिहिला. मोठी मंदी आली, लोकांचे रोजगार गेले, तेव्हा पुठ्ठ्याची स्वस्त पझल निघाली आणि घराघरांत गेली. वाचनालयातून पुस्तकांसारखी ती घरी नेता यायची. बिनकामाची माणसं दिवसभर टेबलाशी बसून तुकडे जुळवायची. जुन्या काळी कितीतरी डब्यांवर चित्रही नसायचं. काय तयार होणार आहे ते माहीत नसताना बसायचं. यावर मी एक मोठा परिच्छेद लिहिला. बिनकामाच्या माणसाला दिवसाच्या शेवटी एक तरी गोष्ट पूर्ण झालेली बघायची असेल, असं काहीतरी. कंपनीने तो काढायला सांगितला. मजकूर छान आहे, पण उदास वाटतो, आपल्याला मुलांसाठी आनंदी हवंय, असं लिहून त्यांनी एक हसरा चेहरा पाठवला. मी काढला.

तपासणीचा दिवस आला. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आईने मॅडमसाठी कोडोलीच्या बहिणीकडून आलेल्या काकवीची बाटली घेतली.

मॅडमनी हातपाय तपासले. रेघांचा कागद दिला. पप्पांनी मान वळवून सगळ्या रेघा खोडल्या. मॅडमना बरं वाटलेलं दिसलं. मग त्यांनी आईला विचारलं, "घरी कसं आहे? जेवताना ताटात काही उरतं?"

"काय न्हाय उरत. ताट घासून ठेवल्यागत असतंय."

ते खरं होतं.

"आणि चित्रं?"

"समदी लावत्यात. जिल्हा तर डोळं झाकून लावतील."

"मॅडम, आता सही करा आणि सोडा मला," पप्पा म्हणाले. "स्टँडवर पावणं खोळंबल्यात. जोडीदाराच्या गाडीत बसायचं म्हटलं की बायका नाकं मुरडत्यात, लई गाणी लावतोय त्यो."

मॅडम हसल्या. पेन उचलत म्हणाल्या, "चांगली प्रगती आहे. मग आपण असं करू, आधी मोकळ्या मैदानात, शेजारी कुणीतरी बसवून, थोडं थोडं..."

मी शाळेत कधी हात वर केला नाही. इंग्रजी शाळेत घातलं होतं, तिथे माझ्या मराठीला हसायचे. घरी आल्यावर माझ्या इंग्रजीला पाहुणे टाळ्या वाजवायचे, ते हसण्यापेक्षा वाईट. दोन्हीकडे गप्प बसायची सवय लागली. त्या खोलीतही मी कपाटाजवळच्या स्टुलावर, सगळ्यांच्या मागे बसले होते. मॅडमच्या टेबलावर पेन टेकलेलं दिसलं. मला घाटातली शाळेची मुलं वगैरे काही आठवलं नाही. मला फक्त एवढंच वाटलं की हे वाक्य पूर्ण झालं तर ते परत घेता येणार नाही.

"आई डावीकडे काही वाढतच नाही," मी म्हणाले.

सगळे वळले. पप्पाही वळले, उजवीकडून, पूर्ण खुर्ची फिरवून.

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"ताटात. सगळं उजवीकडे वाढते. म्हणून उरत नाही. तुकडेही तीच सरकवते. आम्ही दोघी... घरात डावीकडे आम्ही काही ठेवतच नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली. बाटलीवरचा तिचा हात निघाला नाही. पप्पा म्हणाले, "कायतरीच बोलतीया. तिला काय कळतंय."

मॅडमनी पेन ठेवलं. रागावल्या नाहीत. त्यांनी पप्पांना नवा कागद दिला नाही. घाटातल्या रस्त्याचं विचारलं, पावसात दरड कुठे येते, धुक्यात गाडी कशी काढता. पप्पा खुलले. असळज सोडल्यावर कुठे हॉर्न मारायचा, कुठे न मारता थांबायचं, हाताने वळणं दाखवत सांगू लागले. मध्येच मॅडम म्हणाल्या, "जरा हे टेबल रिकामं करून द्याल? सगळं त्या ट्रेमध्ये." पप्पांनी बोलता बोलता हात घातला. पेनं, स्टेथोस्कोप, पॅड, चहाचा कप. बोलणं चालूच होतं. ट्रे पुढे सरकवून ते म्हणाले, "हं. तर मग तितनं करूळचा उतार लागतोय..."

टेबलाच्या डाव्या अर्ध्या भागावर चष्म्याचं घर होतं, पाण्याची बाटली होती, शिक्का होता, मोबाईल होता.

मॅडम उठल्या, टेबलाला वळसा घालून पप्पांच्या डावीकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता इकडे बघा."

पप्पांनी मान वळवली. वळवत वळवत पार डावीकडे नेली. वस्तूंकडे पाहिलं.

"हे कवा ठेवलंसा?" त्यांनी विचारलं.

मॅडम जागेवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, आत्ता गाडी नाही. कधीपर्यंत, हे सांगता येणार नाही. काहींचं सुधारतं, काहींचं थोडं राहतं. घरी मात्र उद्यापासून सगळं डावीकडे, त्यांना त्रास झाला तरी.

रिक्षात मी मधे बसले होते. पप्पा बाहेर बघत होते. रंकाळ्याच्या वळणावर म्हणाले, "शाळंत बाई इचारायच्या तवा तोंड उघडायचं न्हाय हिचं. घरी चिठ्ठी यायची, पोरगी बोलत न्हाय म्हणून. आज बरं उघडलं."

"गप बसा," आई म्हणाली. पण ती मलाही म्हणाली असेल.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात गेले तर ती ओट्याला टेकून उभी होती. दिवा लावला नव्हता.

"मी काय वाईट करत हुतो व्हय गं?" तिने विचारलं.

"नाही."

"मग डाक्टरणीसमोर का बोललीस? मला आधी सांगायचंस."

"सांगितलं होतं."

तिने तांदळाचा डबा ओढला. मग म्हणाली, "व्हय. सांगितलं हुतंस." आणि तांदूळ धुवायला घेतले. मला तिच्याजवळ जावंसं वाटलं. आमच्याकडे तसं कुणी जात नाही. मी कांदे घेतले आणि चिरत बसले.

पप्पा माझ्याशी बोलले नाहीत. रागाने ताट भिरकावणारे ते नाहीत. नुसते बोलले नाहीत. पाणी हवं तर आईला सांगायचे, मी शेजारी असले तरी. तेही मला फारसं लागलं नाही, इतकी मी दमले होते. लागलं ते वेगळंच. ते शेडमध्ये जाऊन बसायचे बंद झाले. जीपवर पुन्हा धूळ धरली.

मग एका सकाळी त्यांनी स्वतः काकांना फोन लावला. "माणूस बघ," एवढंच म्हणाले. काकांनी एक शांत, वयाने बरा ड्रायव्हर आणला. पप्पांनी त्याला जीप दाखवली, क्लच कुठे धरतो, थंडीत कशी कुरकुरते, सगळं सांगितलं आणि चावी दिली. नवा ड्रायव्हर गाडी बाहेर काढत असताना ते म्हणाले, "थांब, मी बी येतो स्टँडवर. तुला पाशिंजर कोण भरून देणार? तुझा आवाज बायकू तरी ऐकती का?"

तेव्हापासून ते रोज सकाळी जातात. गाडी भरेपर्यंत स्टँडबाहेर उभं राहून ओरडायचं, हे त्यांचं काम. जीप घाटाकडे गेली की ते चहाच्या टपरीवर बसतात, आणि दुपारी त्यांना आणायला मी जाते, कारण रस्ता ओलांडताना त्यांच्या डावीकडे कुणीतरी लागतं. पहिल्या दिवसांत मी नुसती शेजारून चालायचे. ते माझ्याकडे न बघता चालायचे. न बघणं आणि न दिसणं यातलं कुठलं कोणतं, हे त्या बाजूने चालताना सांगता येत नाही.

परवा मी गेले तेव्हा दुसरी खेप भरत होती. पप्पांचा आवाज लांबूनच आला. "गगनबावडा, गगनबावडा! चला मावशी, म्होरं जागा हाय. अवो पावणं, पिशवी मांडीवर घ्या, पिशवीला शीट न्हाय!" एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या डाव्या हाताला उभे राहून तीनदा विचारत होते, गाडी कधी सुटणार. पप्पांना ते तिथे आहेत हे माहीतच नव्हतं. मी पुढे होऊन पप्पांच्या डाव्या कोपराला हात लावला. त्यांनी मान वळवली, पूर्ण वळवली, आधी मला पाहिलं, मग त्यांना.

"बसा की पावणं, आताच सुटतीया."

"तुम्ही न्हाय का चालवत आता?" म्हाताऱ्यांनी विचारलं. ओळखीचे असावेत. "आमी तुमच्याच गाडीनं यायचो."

"न्हाय," पप्पा म्हणाले. माझ्याकडे बोट केलं. "ही माझी पोरगी. इंग्रजी शिकलेली हाय. हिनंच उतरीवलं मला गाडीवरनं."

गाडीतली माणसं हसली. म्हातारेही हसले आणि माझ्याकडे बघून मान हलवली, कौतुकाने की कीव येऊन, ते मला कळलं नाही. पप्पांच्या चेहऱ्यावरूनही कळलं नाही. मी खाली बघत उभी राहिले. ते पुन्हा रस्त्याकडे वळून ओरडू लागले. अजून एका माणसाची जागा शिल्लक होती.